गावची बातमी कोण देणार?

आमच्या आटगावकडचं नाव मोठ्या पेपरांत येतं ते उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की, नाहीतर कसारा लाइनीवर गाड्या रखडल्या की. तानसा आणि भातसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आमच्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. नातेवाईक मंडळींना हे नवं नाही. पण टँकरच्या फेऱ्या खरंच किती झाल्या आणि कागदावर किती, हे कोण विचारणार? आता विचारतो तो गावातलाच एखादा मोबाइलवाला, यूट्यूबवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. लोक त्याला हसतात. मला मात्र त्याला बघून मुकुंदराव पाटील आठवतात.

मुकुंदरावांनी १९१० साली 'दीनमित्र' काढलं आणि अर्धशतकाहून जास्त काळ चालवलं, तेही पुण्या-मुंबईत नव्हे, नेवासा तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून. छापखाना गावात, संपादक गावात. सावकाराविरुद्ध लिहायचं आणि पुन्हा त्याच वेशीतून ये-जा करायची! (शहरात बसून निर्भीड होणं त्यामानाने सोपं.) पण त्यांच्या हातात वर्गणीदार होते, आणि त्यांचं पत्र कायद्याला वर्तमानपत्र म्हणून ठाऊक होतं.

मोबाइलवाल्याकडे दोन्ही नाही. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, त्यातही वेबवरची बातमी नाही. पत्रकारांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला, चांगलंच केलं. पण त्यात पत्रकार म्हणजे एखाद्या माध्यमसंस्थेत नेमलेला, कायम किंवा कंत्राटी. जो कुणाच्याच नोकरीत नाही, तो कोण?

आणि नोकरी असली तरी काय होतं? ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरच्या शशिकांत वारिशे यांची रिफायनरीच्या वादाबद्दलची बातमी छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या अंगावर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्यामागे निदान पेपर होता, म्हणून राज्यभर आवाज उठला.

असो. मारहाण रोज होत नाही, पोटाचा प्रश्न मात्र रोजचा. यूट्यूबचे पैसे व्ह्यूजवर, आणि पाड्यावरच्या टँकरला व्ह्यूज ते किती मिळणार? मग उरते जाहिरात. तालुक्यात जाहिरात देतो कोण? दुकानदार थोडे. बाकी सगळे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो, आणि त्या फोटोतला माणूस पुष्कळदा तोच, ज्याला टँकरच्या फेऱ्या विचारायच्या असतात.