मूळ नावाचे उपनाव

आर्पानेट या संगणक-जाळ्यावरील यंत्रांची नावे आणि पत्ते ज्या काळी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेच्या दप्तरात, एकाच यादीत लिहिले जात, तो काळ ती यादी आवरेनाशी झाल्याने संपुष्टात आला आणि पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नामव्यवस्थेचा मसुदा मांडून प्रत्येक संस्थेस आपापल्या नावांच्या इलाख्याचा, म्हणजे झोनचा, कारभार सोपविला.

या व्यवस्थेच्या नोव्हेंबर १९८७ मधील आरएफसी १०३४ या दस्तऐवजात एक कडक दंडक आहे: ज्या नावापाशी सीनेम, म्हणजे उपनावाची नोंद, असेल त्या नावापाशी अन्य कोणतीही नोंद असू नये. सीनेम दिसताच विचारणारा खऱ्या नावाकडे वळतो. उपनावापाशी वेगळी माहिती असती, तर एकाच पृच्छेला दोन ठिकाणी दोन परस्परविसंगत उत्तरे संभवली असती. हा दंडक मला सर्वथा न्याय्य वाटतो. परंतु झोनच्या मूळ, म्हणजे पुढे काहीही न जोडलेल्या, नावापाशी एसओए आणि एनएस या नोंदी अनिवार्य असतात, कारण इलाख्याचा अंमल कोणाकडे आहे हे त्याच सांगतात. साहजिकच तेथे सीनेमला मज्जाव झाला.

पत्ते वर्षानुवर्षे स्थिर असत, तोवर यात कोणाला अडचण वाटली नाही. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' जोडलेल्या नावाला उपनाव देऊन काम भागे. पुढे भाड्याच्या यंत्रसमूहांचे पत्ते वरचेवर बदलू लागले आणि लोकांना तर नुसतेच मूळ नाव हवे होते. तेव्हा ॲमेझॉनच्या रूट ५३ या नामसेवेने २०११ मध्ये 'एलिअस' नोंदीची आणि क्लाउडफ्लेअरने २०१४ मध्ये सीनेम सपाट करण्याची तजवीज केली. या पद्धतीत अधिकृत सर्व्हर स्वतःच लक्ष्य-नावाचा पत्ता मिळवितो आणि साधी 'ए', म्हणजे पत्त्याची, नोंद म्हणून विचारणाऱ्याच्या हवाली करतो. मूळ नावापाशी उपनाव होते, याचा त्याला मागमूसही लागत नाही.

दंडक अबाधित राहिला खरा, पण त्याची किंमत मोजावी लागली. सर्व्हरने आपल्या ठिकाणाहून पत्ता विचारल्यास, दूरदेशीच्या वाचकाला त्याच्या निकटच्या यंत्राऐवजी सर्व्हरच्या निकटचे यंत्र मिळू शकते. शिवाय प्रत्येक पुरवठादाराची रीत निराळी असल्याने झोन दुसरीकडे हलविताना ही नोंद जशीच्या तशी नेता येत नाही. 'एनेम' या नावाने सामाईक प्रमाण घडविण्याचा प्रयत्न झाला, तोही मसुद्यापुढे सरकला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४६० ने मात्र 'एचटीटीपीएस' नोंदीला उपनावाचे असे रूप दिले, की ती एसओए आणि एनएस यांच्या शेजारी निर्वेध नांदू शकते. तथापि जो ब्राउझर ही नोंद विचारतच नाही, त्याच्यासाठी मूळ नावापाशी पत्त्याची जुनी नोंद ठेवावीच लागते.