२००८ पासून मालदीवच्या जनतेने एकाही राष्ट्राध्यक्षाला दुसरी संधी का दिली नाही?

जानेवारी २०२४ मध्ये भारतीय सोशल मीडियावर ‘बॉयकॉट मालदीव’ जोरात ट्रेंड होत होतं. पंतप्रधान मोदींच्या लक्षद्वीप दौऱ्यानंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांच्याबद्दल अपमानास्पद पोस्ट टाकल्या. तिथल्या सरकारने तिघांना निलंबित केलं, पण इकडे बुकिंग रद्द केल्याचे स्क्रीनशॉट फिरायला लागले. त्या गदारोळात एक समज पक्का झाला, की मालदीवच्या लोकांनी भारताविरोधात मतदान करून मोहम्मद मुइज्जू यांना निवडून दिलं.

हे अर्धसत्य आहे. २००८ पासून तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या चार निवडणुका झाल्या आणि चारही वेळा खुर्चीवर बसलेला माणूस हरला. त्यात भारताच्या जवळचे मानले जाणारेही होते आणि चीनच्या जवळचे मानले जाणारेही.

देश केवढा, मतदार किती?

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत, पण वस्ती दोनशेपेक्षा कमी बेटांवर आहे. परदेशी कामगार धरून लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. २०२३ मध्ये मतदार होते सुमारे २ लाख ८२ हजार. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघातसुद्धा सरासरी याहून जास्त मतदार असतात. त्यामुळे काही हजार मतं इकडची तिकडे झाली की अख्ख्या देशाची सत्ता बदलते. मतदानाचा उत्साहही मोठा असतो. २०१८ मध्ये ८५ टक्क्यांहून जास्त आणि २०२३ च्या दुसऱ्या फेरीत सुमारे ८५ टक्के मतदान झालं.

आधी ३० वर्षं एकच राष्ट्राध्यक्ष

१९७८ ते २००८ अशी सलग ३० वर्षं मौमून अब्दुल गयूम सत्तेवर होते. तेव्हा संसद एकच नाव निवडायची आणि लोकांनी त्यावर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. राजकीय पक्षांना परवानगी मिळाली ती २००५ मध्ये. २००८ मध्ये नवी राज्यघटना आली आणि त्याच वर्षी पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली.

चार निवडणुका, चार पराभव

- २००८ : पहिल्या फेरीत गयूम पुढे होते, पण कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत. दुसऱ्या फेरीत विरोधक एकत्र आले आणि गयूम यांच्या काळात तुरुंगात राहिलेले मोहम्मद नाशीद सुमारे ५४ टक्के मतांनी जिंकले.
- २०१३ : नाशीद यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये पोलिसांच्या बंडानंतर राजीनामा दिला होता. तो जबरदस्तीने घेतला, असं त्यांचं म्हणणं. चौकशी आयोगाने मात्र सत्तांतर कायदेशीर ठरवलं. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद वाहीद २०१३ मध्ये उभे राहिले, तर त्यांना जेमतेम ५ टक्के मतं पडली. ती फेरी न्यायालयाने रद्द केली. शेवटी गयूम यांचे सावत्र भाऊ अब्दुल्ला यामीन यांनी नाशीद यांना सुमारे ६ हजार मतांनी हरवलं.
- २०१८ : यामीन यांनी चीनकडून कर्ज घेऊन पूल आणि इमारती उभ्या केल्या. पण विरोधक तुरुंगात गेले, आणीबाणी लागली, सरन्यायाधीशांनाही अटक झाली. विरोधकांनी एकत्र येऊन इब्राहिम सोलिह यांना उभं केलं आणि ते ५८ टक्के मतांनी जिंकले.
- २०२३ : भारताशी जवळीक असलेले सोलिह हरले. राजधानी मालेचे महापौर मुइज्जू ५४ टक्के मतं घेऊन आले.

लोक नेमके कशावर चिडतात?

पहिला प्रश्न घराचा. माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. चांगली शाळा, मोठं हॉस्पिटल, नोकरी, सगळं तिथेच. त्यामुळे देशाची ४० टक्के लोकसंख्या माले आणि आसपासच्या बेटांत दाटली आहे. एका खोलीत अख्खं कुटुंब आणि पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात, अशी स्थिती. म्हणून प्रत्येक उमेदवार फ्लॅट देण्याचं वचन देतो. घरं मात्र कमी पडतात, मग यादीत कुणाचं नाव आलं यावरून भांडणं होतात.

दुसरा प्रश्न भ्रष्टाचाराचा. यामीन यांच्या काळात रिसॉर्टसाठी बेटं भाड्याने देण्याच्या व्यवहारात मोठा घोटाळा उघड झाला.

तिसरं कारण पक्षफुटीचं. २०२३ मध्ये सोलिह आणि नाशीद या एकाच पक्षातल्या दोन मित्रांचं फाटलं. नाशीद समर्थकांच्या नव्या पक्षाने पहिल्या फेरीत ७ टक्के मतं घेतली. दोन फेऱ्यांच्या पद्धतीत युती महत्त्वाची असते आणि ती पुढच्या निवडणुकीपर्यंत क्वचितच टिकते.

मग ‘इंडिया आउट’चं काय?

ही मोहीम २०२० च्या सुमारास सोशल मीडियावर सुरू झाली. मालदीवमध्ये दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवण्यासाठी सुमारे ८० भारतीय सैनिक होते. बेटांवरच्या रुग्णांना मालेला आणणं हे त्यांचं एक मुख्य काम. पण करारांचे तपशील लोकांसमोर न आल्याने संशय वाढला. यामीन यांनी मोहीम उचलून धरली. सोलिह यांनी एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढून तिच्यावर बंदी आणली, त्यामुळे ती उलट जास्त चर्चेत आली.

म्हणजे मुद्दा खरा होता आणि त्याने मतंही मिळाली. पण तो घर, महागाई आणि सरकारवरच्या रागाला जोडून आला.

मुइज्जू आल्यावर काय झालं?

जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे बॉयकॉटचा गोंधळ चालू असतानाच, मुइज्जू यांनी सोडलेल्या माले महापौरपदाची पोटनिवडणूक झाली. त्यात त्यांच्या पक्षाचा उमेदवार पडला. एप्रिलमध्ये मात्र त्यांच्या पक्षाने संसदेच्या ९३ पैकी ६६ जागा जिंकल्या. २०१९ मध्ये सोलिह यांच्या पक्षानेही ८७ पैकी ६५ जागा अशाच जिंकल्या होत्या. नव्या राष्ट्राध्यक्षाला लोक आधी भरभरून देतात, हिशेब पाच वर्षांनी मागतात.

मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परतले आणि त्यांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ आले. २०२३ मध्ये दोन लाखांहून जास्त असलेले भारतीय पर्यटक पुढच्या वर्षी दीड लाखाच्याही खाली आले. डॉलरची चणचण वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइज्जू भारतात आले. दिल्लीत ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार झाला. नंतर ते मुंबईलाही येऊन गेले. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या ६० व्या वर्धापनदिनाला मोदीच प्रमुख पाहुणे होते.

हरण्याची भीती एवढी का?

गयूम, नाशीद आणि यामीन हे तिघेही सत्ता गेल्यावर तुरुंगात गेले. त्यामुळे खुर्ची टिकवण्याची धडपड तिथे जास्त असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनादुरुस्ती करून पक्ष सोडणाऱ्या खासदाराची खासदारकी जाईल, अशी तरतूद झाली. विरोधकांच्या मते यामुळे सरकारवर संसदेचा वचक राहत नाही.

राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. तेव्हा निकाल कसाही लागला तरी ‘भारत जिंकला’ किंवा ‘चीन जिंकला’ अशा पोस्ट फिरतीलच. त्या शेअर करण्याआधी मालेत घरभाडं किती वाढलं आणि वचन दिलेले फ्लॅट मिळाले का, एवढं पाहिलं तर निकालाचा अर्थ जास्त नीट कळेल.