शिळेवर उमटलेला तपोभंग

१८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली आणि अकोल्याच्या पेठेतला कापूस तिच्यावर लादून मुंबई बंदराकडे रवाना होऊ लागला. त्याच रुळांवरून उलट वाटेने जे नवलाईचे जिन्नस पुढे वऱ्हाडात उतरले, त्यांत राजा रविवर्म्याच्या तसबिरींना मी अग्रमान देईन, कारण कीर्तनात ऐकलेले पुराण त्यांनी ओसरीच्या भिंतीवर डोळ्यांसमोर आणून उभे केले.

माजी दिवाण सर टी. माधवरावांनी १८८४ साली रविवर्म्यास सुचविलेली, चित्रे छापून काढण्याची कल्पना दहा वर्षांनी फळास येऊन १८९४ मध्ये मुंबईस रविवर्म्याचा शिळाछापखाना निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. प्रत्येक रंगाची शिळा निराळी, तीवर मेदयुक्त शाईने काढलेले उलटे चित्र, पाण्याने भिजलेला दगड शाई झिडकारतो आणि रेखाटन तेवढे ती धरून ठेवते, असा तो सारा खटाटोप.

या कारखान्याचे पहिले चित्र ‘शकुंतलाजन्म’. विश्वामित्राच्या तपोबलाला भ्यालेल्या इंद्राने मेनका अप्सरेस पाठविले, ऋषी ढळला, कन्या झाली. आणि मेनका तान्ह्या मुलीला पुढे करीत असता विश्वामित्र हात उंचावून तोंड फिरवितो आहे, हाच क्षण चित्रकाराने निवडला. मोहाचेच दुसरे एक चित्र याशी ताडून पाहावे. पंधराव्या शतकात मार्टिन शोनगावर या जर्मन कलावंताने ताम्रपटावर संत अँथनीची परीक्षा कोरली, तेव्हा विक्राळ पिशाच्चांनी त्याला अंतराळात ओढून धरले तरी संताची मुद्रा शांतच राहिली. तेथे मोह बाहेरून झडप घालतो. येथे पिशाच्च नाही, वनही शांत आहे. मोह केव्हाच होऊन गेला आहे आणि त्याचे फळ हातपाय हलवीत समोर आले आहे. तपोभंगाची तसबीरही रविवर्म्याने काढली, पण तिच्यापेक्षा ही मला अधिक निर्भय वाटते, कारण पतनाचा दोष अप्सरेच्या रूपावर ढकलून पाहणाऱ्याला येथे सुटता येत नाही; पाठ फिरविणारा ऋषीच नजरेत भरतो.

अशा तसबिरींवर घरोघरच्या बायका जरीची किनार, टिकल्या आणि रेशमी कापडाचे तुकडे डकवीत. पुराणातली मेनका मालिनीतीरी मूल टाकून स्वर्गात परतली. परंतु मळवलीच्या कागदावर तिने ते अजून दोन्ही हातांनी धरलेले आहे.