गाडीतल्या गारव्याचं कूळ

महागड्या सेडानच्या माहितीपत्रकात सोयींची यादी पानंच्या पानं चालते. पाठ रगडणारी सीट, काचेचं सरकतं छत, आतल्या दिव्यांचे चौसष्ट रंग. यवतमाळ जिल्ह्यातला गिऱ्हाईक मात्र शोरूममध्ये आधी एसीचं विचारतो. मागच्या सीटला वेगळी हवा आहे का? उन्हात उभी राहिलेली गाडी किती वेळात गार होते? मला हा क्रम अगदी रास्त वाटतो. मे महिन्यात इथला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. स्टिअरिंगला हात लावता येत नाही. तोंडाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून बाहेर पडणाऱ्या या मुलखात एसी हीच पहिली सोय; उरलेली यादी नंतर.

या गारव्याचं कूळ शोधत मागे गेलं की माणूस कापसापाशी पोचतो. सुताला कोरडी हवा सोसत नाही. हवेतला ओलावा कमी झाला की धागा ठिसूळ होऊन तुटतो, स्थिर विजेमुळे तंतू विस्कटतात. म्हणून हवा काबूत ठेवण्याची गरज आधी कापड गिरण्यांना पडली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस पिकवणारा मुलूख जवळ होता म्हणून, आणि त्या गिरणीत त्यांनी हवा ओलसर ठेवणारी यंत्रं बसवली. तिकडे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्याचा कागद दमट हवेने फुगायचा, रंग जागेवर बसायचे नाहीत. त्यासाठी विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने १९०२ साली हवेचा ओलावा आवरणारं यंत्र आखलं. पुढे १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी 'एअर कंडिशनिंग' हे नाव चालवलं, तेही अमेरिकेतल्या सूतगिरण्यांच्या हवेसाठीच. सुताची आणि कागदाची सोय झाली, मग माणसाकडे लक्ष गेलं.

माणसाला गारवा द्यायचे प्रयत्न आपल्याकडे जुनेच होते. घराच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायचं ही रीत विदर्भात अजून जिवंत आहे. कूलरची ताटी ही तिचीच लेक. पुढे प्रवासातही गारवा आला: मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली गार हवेचा डबा जोडला गेला. डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवायच्या, त्यांवरून पंख्याने हवा आत सोडायची आणि वाटेतल्या स्टेशनांवर बर्फ बदलायचा. आगगाडीच्या डब्याला हे वजन पेलत होतं. मोटारीला पेलणारं नव्हतं.

मोटारीचा एसी १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आला. पॅकार्ड या त्या काळच्या श्रीमंती कंपनीने १९४० सालच्या गाड्यांसाठी तो ठेवला होता. यंत्रणा क्लीव्हलँडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीची, किंमत २७४ डॉलर. त्या वेळी साधी नवी फोर्ड सहा-सातशे डॉलरला मिळायची, म्हणजे एका सोयीपायी जवळजवळ निम्म्या गाडीचे पैसे मोजायचे. एवढं देऊन मिळायचं काय? डिकीची निम्मी जागा यंत्राने खाल्लेली. गार हवा मागच्या सीटच्याही मागून यायची, म्हणजे गारवा आधी मालकाच्या मानेला आणि ड्रायव्हरपर्यंत पोचेतोवर ओसरलेला. तापमान कमी-जास्त करायची सोय नाही. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढायचा. १९४१ नंतर पॅकार्डने हा पर्याय गुंडाळला. तरी मला या फसलेल्या यंत्राविषयी आदर वाटतो. कॉम्प्रेसरने वायू दाबायचा, पुढच्या जाळीत त्याची उष्णता बाहेर टाकून त्याला द्रवरूप करायचं, मग एकदम मोकळं सोडायचं म्हणजे तो आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. आजच्या लाखमोलाच्या सेडानमध्येही हेच चालतं.

महायुद्धानंतर क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये १९५३ साली एअरटेम्प नावाचा एसी आला आणि जनरल मोटर्सनेही आपल्या मोठ्या गाड्यांना एसी दिला. खरा पालट मात्र १९५४ मध्ये नॅशने केला. नॅश ही काही श्रीमंतांची कंपनी नव्हती. तिने सगळं यंत्र बॉनेटखाली नेलं, हीटर आणि एसी एकत्र केले, बटणं डॅशबोर्डवर आणली आणि गारवा पुढून सोडला. डिकी मोकळी झाली आणि ड्रायव्हरला पहिल्यांदा पुरेशी हवा मिळाली. आपल्याला ठाऊक असलेला गाडीचा एसी तो हाच. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, कॅडिलॅकने तापमान आपोआप राखणारी सोय दिली.

भारतात ही कहाणी उशिरा सुरू झाली आणि तिचे मोठे टप्पे महाराष्ट्रातच पडले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला नंतर एसी बसवून घेणारे हौशी होते, पण त्या छोट्या इंजिनाला कॉम्प्रेसरचा भार झेपायचा नाही. चढावर आधी एसी बंद व्हायचा, नाहीतर गाडी तापायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्यात एसीचा पर्याय होता. जपानच्या सुझुकी आणि डेन्सो यांच्याशी भागीदारी करून १९८५ साली सुब्रोस ही भारतीय कंपनी उभी राहिली आणि गाडीचे एसी इथेच बनू लागले. एसी मध्यमवर्गाच्या हिशेबात बसला तो या दोन घटनांमुळे. मग १९९५ मध्ये पिंपरीला टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जुळायला लागली, २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया. मोठी सेडान आता आपल्याच राज्यातून बाहेर पडत होती.

आज यवतमाळात कुणी अशी गाडी घेणार असेल तर मी चार गोष्टी सांगेन. मागच्या सीटसाठी स्वतंत्र जाळ्या हव्यातच, कारण लांबच्या गाडीत पुढचा गारवा मागे पोचायला वेळ लागतो आणि मागे बहुधा म्हातारी माणसं बसतात. दुसरी, सीटमधून हवा खेळवणारी सोय. ती १९९७ मध्ये साब कंपनीच्या ९-५ या गाडीने आणली आणि २०१७ च्या ह्युंदाई व्हर्नामुळे मधल्या किमतीतही आली. पाठ कोरडी राहते, त्यामुळे एसी मंद ठेवूनही भागतं. तिसरी, ऊन अडवणारी काच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केल्यापासून हे काम कारखान्यातून येणाऱ्या काचेवरच आलं आहे. चौथी, आतला रंग फिका घ्यावा. मोठ्या काचेचं छत आपल्या उन्हासाठी नाही, ते थंड मुलखातल्या लोकांना लखलाभ.

एक गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही. जुन्या एसीतला आर-१२ हा वायू ओझोनचा थर खात होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट जबर आहे. गॅस भरून घेताना उरलेला जुना गॅस हवेत सोडून देण्याची सवय मोडायला हवी. तो ओढून घेणारं यंत्र ज्या गॅरेजमध्ये आहे तिथेच गाडी न्यावी, चार पैसे जास्त गेले तरी. ज्या जिल्ह्यात उन्हाने माणसं दगावतात तिथे हा निष्काळजीपणा परवडत नाही.

पण या कुळकथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा सेडानचा नाहीच. नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी असा या जिल्ह्यातून जातो आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. वणीच्या खाणींतून कोळसा निघतो, तोही ट्रकनेच. केबिनमध्ये इंजिनाची धग, वर तापलेला पत्रा, आणि खिडकी उघडी ठेवावी तर कोळशाची धूळ. नागपूरचेच नितीन गडकरी केंद्रात रस्ते वाहतूक मंत्री असताना, खर्च वाढेल म्हणून होणारा विरोध बाजूला ठेवून २०२३ च्या डिसेंबरात अधिसूचना निघाली: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालट्रकची केबिन वातानुकूलित हवी. पॅकार्डच्या मालकाच्या मानेपासून ट्रकचालकापर्यंत यायला गारव्याला ८५ वर्षं लागली.

नियम नव्या ट्रकांना आहे. वणीच्या खाणींपाशी रांगेत उभे असणारे बहुतेक ट्रक जुने आहेत आणि ते अजून दहा-पंधरा वर्षं चालतील. कोळसा वाहतुकीच्या कंत्राटांत एसी केबिनची अट घालता येईल, आणि जुन्या केबिनला एसी बसवायला मालकांना स्वस्त कर्ज देता येईल. सुरुवात मार्चच्या आत व्हावी, ऊन चढायच्या आधी.