घरच्या इंटरनेटचा हिशेब : मर्यादा कंपनीची, मोजणी मात्र ग्राहकाचीही हवी

- प्रतिनिधी

'अमर्याद' या नावाने विकल्या जाणाऱ्या घरगुती ब्रॉडबँड योजनेलाही बहुधा मर्यादा असतेच. योजनेच्या अटींमध्ये 'रास्त वापर धोरण' अर्थात 'एफयूपी' या शीर्षकाखाली ती नमूद केलेली असते. भारतातील अनेक फायबर योजनांमध्ये ही मर्यादा महिन्याला सुमारे ३३०० जीबी, तर बिनतारी घरगुती जोडणीच्या योजनांमध्ये १००० जीबीच्या आसपास आहे. ती संपली की जोडणी बंद पडत नाही, वेग एकदम खाली येतो.

भारत संचार निगमने २००५मध्ये 'डेटावन' सेवा सुरू केली, तेव्हा अनेक योजनांत मर्यादेपलीकडील वापराचे वेगळे पैसे पडत. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ हा काळ मोफत असे आणि मोठ्या फाइल्स त्याच वेळात उतरवून घेतल्या जात. मर्यादा ओलांडल्याचे निदान बिलावरून तरी कळे. आता बिल तेवढेच राहते. मंदावलेला वेग हा वाहिनीतील बिघाड आहे, असा ग्राहकाचा समज होतो. म्हणूनच वापराची स्वतंत्र नोंद ठेवणे गरजेचे ठरते.

वापर होतो किती?

वेग 'बिट'मध्ये आणि वापर 'बाइट'मध्ये मोजला जातो. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालल्यास तासाला ४५ जीबी आणि ३३०० जीबी सुमारे ७३ तासांत संपतात. प्रत्यक्षात असा सलग वापर क्वचितच होतो. 'नेटफ्लिक्स'च्या माहितीनुसार, तासाभराच्या चित्रणास एचडी दर्जात ३ जीबीपर्यंत, तर '४के' दर्जात ७ जीबीपर्यंत डेटा लागतो.

पाठवलेला डेटाही सहसा मर्यादेत धरला जातो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. दोन एमबीपीएस वेगाने अहोरात्र चित्रण इंटरनेटवर पाठवणारा एक सुरक्षा कॅमेरा महिन्याला सुमारे ६५० जीबी खर्च करतो. असे दोन कॅमेरे असल्यास १००० जीबीची मर्यादा घरात कोणी नसतानाही ओलांडली जाईल.

मोजावे कुठे?

कंपनीचे संकेतस्थळ किंवा अॅप : मर्यादा याच आकड्यावरून ठरते. मात्र तो काही तास उशिरा अद्ययावत होण्याची शक्यता असते. हिशेबाचे चक्र १ तारखेपासून सुरू होते की बिलाच्या तारखेपासून, हेही तपासावे.

संगणक व मोबाइल : 'विंडोज १०' व 'विंडोज ११'मध्ये 'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क अँड इंटरनेट' या विभागात 'डेटा युसेज' पाहता येतो. अँड्रॉइडवर वायफायचा वापर वेगळा दिसतो. पण ही नोंद त्या एका उपकरणापुरतीच असते. शिवाय घरातल्या घरात एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवलेली फाइलही तीत येऊ शकते. अशी फाइल कंपनीच्या मोजणीत येत नाही.

राउटर : घरातील सर्व उपकरणांचा डेटा येथूनच जातो, म्हणून मोजणीची सर्वांत योग्य जागा हीच. राउटरच्या पानावर 'वॅन' जोडणीचे आलेले व गेलेले बाइट दिसतात. त्यांची बेरीज कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहावी. वीज गेल्यावर बहुतेक राउटरची मोजणी शून्यावर येते. काही जुन्या राउटरचा गणक सुमारे ४.२९ जीबीनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. 'ओपनडब्ल्यूआरटी' ही प्रणाली चालणाऱ्या राउटरवर 'व्हीएनस्टॅट' हा मोफत प्रोग्राम बसवून रोजची व महिन्याची नोंद ठेवता येते. वीज गेल्यावरही ती टिकावी, यासाठी नोंदीची फाइल कायमस्वरूपी साठ्यात ठेवावी.

आकडे का जुळत नाहीत?

दोन आकड्यांतील प्रत्येक फरक म्हणजे फसवणूक नव्हे. काही ठिकाणी जीबी हजाराच्या पटीत, तर काही ठिकाणी १०२४च्या पटीत मोजतात. 'विंडोज' दुसरी पद्धत वापरते. पहिल्या पद्धतीचे ३३०० जीबी दुसऱ्या पद्धतीत सुमारे ३०७३ भरतात. एकच पद्धत वापरूनही मोठी तफावत उरली, तर वायफायचा पासवर्ड बदलून पाहावा. शेजारचे एखादे उपकरण जोडलेले असू शकते.

तक्रार करताना

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१६मध्ये कंपन्यांना निर्देश दिले होते. मर्यादेनंतरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये आणि मर्यादेचा ५० व ९० टक्के वापर झाल्यावर ग्राहकाला कळवावे, असे त्यांत म्हटले होते. ही सूचना नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर किंवा ई-मेलवर येते. म्हणून हे तपशील अद्ययावत ठेवावेत.

आकड्यांबाबत वाद असल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. 'ट्राय' वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. 'वेग कमी आहे' या तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार आकड्यांचा कागद दोन्ही ठिकाणी अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, राउटरचा आणि कंपनीचा आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवला तरी पुरे.