वैमानिकाचा परवाना आणि उपकरण-उड्डाणाची मुदत : एका नियमाचा इतिहास

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या विमान नियम, १९३७ ह्यांत एक दुरुस्ती झाली आणि विमानवाहतूक वैमानिक व व्यावसायिक वैमानिक ह्यांच्या परवान्यांची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली. परंतु त्याच परवान्याला जोडलेले 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग', म्हणजे बाहेरचे काहीही दिसत नसता केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची अर्हता, ही वर्षाकाठी परीक्षा देऊनच राखावी लागते. एकाच कागदावर अशी दोन भिन्न आयुष्ये नांदतात. त्यांपैकी धाकटे सरले की थोरले, मुदत शिल्लक असूनही, बव्हंशी निरुपयोगी ठरते. कारण प्रवासी विमानसेवेत उपकरणांवाचून उड्डाण जवळजवळ संभवतच नाही. ही व्यवस्था केवळ कचेरीची सोय म्हणून निर्माण झाली, असा समज आढळतो. वस्तुतः तिच्या मुळाशी मानवी शरीराविषयीचा एक शोध आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

आपल्याकडील जुन्या वतनी कागदपत्रांशी परिचय असणाऱ्यांस ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. सनद हाती असणे वेगळे आणि भोगवटा चालू असणे वेगळे. वतनाच्या तंट्यात दोहोंचीही विचारणा होई. वैमानिकाचा परवाना ही सनद होय. रेटिंगची वार्षिक परीक्षा हा त्याचा भोगवटा. अर्थात हे साम्य फार ताणू नये, कारण वतनाचा भोगवटा खंडित झाल्याने कोणाचा प्राण जात नसे.

प्रारंभी परवान्यात हा भेद नव्हता. १३ ऑक्टोबर १९१९ च्या पॅरिस कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकांस अर्हतेचे प्रमाणपत्र व परवाना आवश्यक केला, चाचण्या ठरविल्या, शारीरिक तपासणीचीही तरतूद केली; पण ढगांत केवळ उपकरणांवर विमान चालविणे ही स्वतंत्र विद्या म्हणून त्यात आलेली नाही. तिची गरजच अद्याप कोणास पटलेली नव्हती. उत्तम वैमानिक आसनाच्या स्पर्शावरून विमानाचा कल ओळखतो, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. आपल्या देशात १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांस मिळालेला पहिल्या क्रमांकाचा परवाना ह्याच युगातला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, तेही जमीन पाहत पाहत.

ह्या श्रद्धेस पहिला धक्का १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील क्रिसी फील्डवर बसला. अमेरिकन सैन्यातील वैमानिक विल्यम ऑकर ह्यास डॉ. डेव्हिड मायर्स ह्यांनी डोळे बांधून एका फिरत्या खुर्चीवर बसविले. खुर्ची एका दिशेस फिरत असता, तिची गती मंदावताच, ती उलट दिशेस फिरू लागली असे ऑकरला निःसंशय वाटले. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय वळणाच्या बदलाची जाणीव देते, स्थिर वळणाची देत नाही, हे त्याचे कारण. ऑकरने ह्यातून काढलेले अनुमान असे की, ढगात शिरलेल्या वैमानिकास त्याचे शरीर अज्ञानात ठेवीत नाही; ते त्यास ठामपणे खोटे सांगते. तेव्हा उपकरण वाचता येणे पुरेसे नाही, स्वतःच्या अंगाला येणारा प्रत्यय नाकारता आला पाहिजे. कार्ल क्रेन ह्याच्या सहकार्याने त्याने १९३२ मध्ये ह्या विषयावर ग्रंथही सिद्ध केला. मधल्या काळात, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, जेम्स डूलिटल ह्याने लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे झाकलेल्या कक्षातून उड्डाण करून विमान पुन्हा धावपट्टीवर उतरविले. स्पेरी ह्यांचे कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक घूर्णी व कोल्समन ह्याचे सूक्ष्म उंचीमापक ही त्याची साधने होत. विद्या शक्य आहे, हे सिद्ध झाले. ती टिकते किती, हा प्रश्न उरला होता.

त्याचे उत्तर १९३४ च्या हिवाळ्यात मिळाले, आणि ते फार महाग पडले. अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी त्या फेब्रुवारीत खाजगी कंपन्यांची टपालकंत्राटे रद्द करून ते काम सैन्याच्या विमानदलाकडे सोपविले. ते वैमानिक धाडसी होते, परवान्याच्या अर्थाने पात्रही होते. परंतु रात्री व ढगांतून केवळ उपकरणांवर उडण्याचा त्यांपैकी बहुतेकांचा सराव अत्यल्प होता आणि विमानांवरील साधनेही अपुरी होती. काही आठवड्यांतच सुमारे बारा जण मृत्युमुखी पडले. ह्याच आपत्तीनंतर सैन्याने एडविन लिंक ह्याने बनविलेली सहा शिक्षणयंत्रे विकत घेतली. लिंक हा बिंगहॅम्टन येथील ऑर्गन बनविणाऱ्या घराण्यातला. भात्यांच्या हवेवर हलणारे त्याचे यंत्र तोवर जत्रेतील करमणूक म्हणूनच अधिक खपत असे. आज ज्या सिम्युलेटरमध्ये बसून वैमानिक आपले रेटिंग राखतो, त्याचा हा पूर्वज होय.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात झालेल्या प्रयोगाने ह्या अनुभवास आकडा दिला. उपकरण-उड्डाणाचा अनुभव नसलेल्या वीस जणांस कृत्रिम रीत्या दृष्टी रोखून विमान चालविण्यास दिले असता सर्वांचाच ताबा सुटला, आणि त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेही नव्हेत! येथे कोणी म्हणेल की हे नवशिके होते. तथापि १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे विमान काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले व २१३ जीव गेले, त्या विमानाच्या कप्तानाच्या गाठी हजारो तासांचे उड्डाण होते. भारतीय चौकशीचा निष्कर्ष असा की, स्थितिदर्शक उपकरण बिघडल्यावर इतर उपकरणांच्या साह्याने विमान सावरले गेले नाही. (उपकरण बिघडले हे म्हणणे पुढे अमेरिकेतील न्यायालयाने मान्य केले नाही, हेही नमूद केले पाहिजे.) खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. वार्षिक परीक्षेत एखादे उपकरण मुद्दाम बंद करून उरलेल्यांवर विमान चालवावयास का लावतात, हे ह्या प्रसंगावरून ध्यानात येते.

७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने परवान्यांस आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. त्याचे पहिले परिशिष्ट १९४८ मध्ये स्वीकृत झाले. ह्या परिशिष्टाने परवान्याची मुदत व कौशल्य राखण्याची अट ह्या दोन गोष्टी अलग केल्या आहेत : अलीकडील अनुभव व क्षमता राखल्यावाचून परवान्याचे अधिकार वापरता येत नाहीत. सहाव्या परिशिष्टाने वाहतूक कंपन्यांच्या वैमानिकांस वर्षातून दोन क्षमता-चाचण्या सांगितल्या आणि चार महिन्यांच्या आत उरकलेल्या दोन सारख्या चाचण्या पुरेशा मानू नयेत, असे बजावले. सणासुदीपूर्वी दोन्ही हप्ते एकदम भरून मोकळे होण्याची वृत्ती मसुदाकारांस ठाऊक असावी!

राष्ट्राराष्ट्रांच्या भाषेत मात्र फरक पडला. अमेरिकेत प्रमाणपत्रास अंतिम तारीख नाही. तेथील नियम गेल्या सहा महिन्यांत सहा उपकरण-अवतरणे, प्रतीक्षावर्तुळ व मार्गानुसरण केले की नाही, एवढे विचारतो. न केल्यास आणखी सहा महिने सूट, त्यानंतर परीक्षकापुढे चाचणी. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीने दोन क्रियापदे वेगळी ठेवली : मुदत संपण्यापूर्वी केलेले 'रीव्हॅलिडेशन' आणि संपल्यावर केलेले 'रिन्यूअल'. पहिले शेवटच्या तीन महिन्यांत उरकले तर मूळ तारखेपासूनच पुढील वर्ष मोजतात. दुसऱ्यात आधी पुन्हा प्रशिक्षण लागते काय, हे ठरवावे लागते; आणि सात वर्षे उलटून गेली तर लेखी परीक्षेपासून सारे नव्याने. पुढे ह्या अखेरच्या अटीतून, शिकागो करारास अनुसरून अन्य राष्ट्राने दिलेले रेटिंग चालू असणाऱ्यांस सूट मिळाली. कौशल्य जिवंत असणे महत्त्वाचे, ते कोणत्या राष्ट्राच्या दप्तरी जिवंत आहे हे नव्हे, असा तिचा आशय आहे.

मराठीत ह्या दोन्ही क्रियांस आपण सरसकट 'नूतनीकरण' म्हणतो आणि तेथेच घोटाळा होतो. विमा, वाचनालयाची वर्गणी, दुकानाचा परवाना ह्यांच्या नूतनीकरणात उशीर झाला तर दंड भरून काम भागते. उशिराने वस्तू पालटत नाही. येथे ती पालटते. माझ्या मते पहिल्यास 'सातत्यनोंद' व दुसऱ्यास 'पुनःस्थापना' म्हणावे. शब्द किंचित जड आहेत, पण चुकीचे सुचवीत नाहीत.

२०२० च्या साथीत हा भेद प्रत्यक्ष कसोटीस लागला. सिम्युलेटर बंद, परीक्षक घरी आणि हजारो रेटिंगांच्या तारखा एकामागून एक उलटत चाललेल्या. अनेक राष्ट्रांनी तारखा पुढे ढकलल्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने अशा तात्पुरत्या सवलती नोंदविण्यास स्वतंत्र व्यवस्था उघडली, म्हणजे एका राष्ट्राने वाढविलेली मुदत दुसऱ्या राष्ट्राच्या विमानतळावर अमान्य ठरू नये. शिकागो कराराचे एकोणचाळिसावे कलम, परवानाधारक आंतरराष्ट्रीय अटींत जेथे उणा पडतो ते त्याच्या परवान्यावर लिहून ठेवावे असे सांगते. ते ह्या काळात, एखाद्या व्यक्तीच्या नव्हे तर जवळजवळ साऱ्या व्यवसायाच्या संदर्भात, पुन्हा वाचले गेले.