भुकेलं गवत

आयर्लंडच्या खेड्यांत एक समजूत आहे. रानात काही जागचं गवत भुकेलं असतं. त्यावर पाय पडला की नुकतं जेवून निघालेल्या माणसाच्याही पोटात आग पडते, पाय लटपटतात, खाली बसावं लागतं. आयरिश भाषेत त्याला ‘फेअर गोर्ताख’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी कारण सांगतात ते एकच : दुष्काळात कुणीतरी तिथे अन्नावाचून मेलं.

त्या दुष्काळाची हकिगत सर्वश्रुत आहे. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं दगावली, तितकीच देशोधडीला लागली. १९३७-३८ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगानं शाळकरी मुलांकडून गावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्यांतही हे गवत भेटतं.

मला खटकला तो त्यावरचा उतारा. खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवावा, घासभर खाल्लं की माणूस सावरतो. पण दुष्काळ तर बटाट्याचा! मग उताऱ्यात ओट कुठून आले? बटाटा येण्याआधी आयरिश माणसाचं मुख्य धान्य ओटच होतं. म्हणून माझं म्हणणं, ही समजूत करप्यापेक्षा बरीच जुनी असावी.

यावर कुणी म्हणेल, भाकर टिकते, वाटेवर सोयीची पडते, एवढंच. पण उकडलेला बटाटाही खिशात मावतो. त्याचं नाव उताऱ्यात का नाही? दुसरं कुणी म्हणेल, डोंगर चढताना रक्तातली साखर उतरते, घासभर खाल्लं की तरतरी येते. खरंच आहे. त्यातून भोवळ उलगडते. गवतावर आळ का आला, ते नाही उलगडत.

माझ्या बाजूचा साक्षीदार निराळाच आहे. काही गावांत मेलेल्या माणसाचं नावही निघत नाही. रानात जेवून उठताना पऱ्यांसाठी चार कण टाकले नाहीत, तर तिथलं गवत भुकेलं होतं, असं ते सांगतात. मूळ कथा हीच, असं मी बेधडक म्हणतो. पऱ्यांच्या जागी मढी आली ती दुष्काळानंतर.

ती गवताशीच का चिकटली? मेयो परगण्यातल्या डूलॉखच्या वाटेवर मार्च १८४९ मध्ये मदत मागायला गेलेली माणसं परतताना मेली. कागदोपत्री मोजकी, लोकांच्या तोंडी शेकडो. काहींच्या तोंडात गवत सापडलं, असंही लोक सांगतात. अशा आठवणी जपणाऱ्या मुलखाला पऱ्यांचं भुकेलं गवत आयतंच मिळालं. उतारा मात्र कुणी बदलला नाही.